उजवीकडचा खिसा

दिल्लीचा हिवाळा आकाशातून येतो असं हवामानखात्याला वाटतं. आमच्या घरी तो पेटीतून येतो. ही लोखंडी पेटी माझ्या सासऱ्यांची, म्हणजे नानांची. इतकी अवाढव्य, की मयूर विहारचा आमचा फ्लॅट आधी तिच्याभोवती बांधला आणि मग त्याला नंबर दिला असं माझं पक्कं मत आहे, कारण ती कुठल्याच दारातून बाहेर निघत नाही. परवा सकाळी मी आणि माझी लेक मिनू, दोघींनी मिळून तिचं झाकण उचललं. डांबरगोळ्यांचा असा लोट उसळला की खालच्या मजल्यावरचा कुत्रा तीनदा शिंकला. चौथ्यांदा शिंकला, तो मला वाटतं मुद्दाम.

रजया निघाल्या, मफलर निघाले, कुणाचे ते आता कुणालाच न आठवणारे हातमोजे निघाले. आणि सगळ्यात तळाशी, जुन्या चादरीत गुंडाळलेला तो गडद निळा कोट.

नाना बाल्कनीत उन्हाला पाठ देऊन संत्रं सोलत होते. डाव्या हातानं. नाना हाडाचे डावखुरे. शाळेत मास्तरांनी तो हात वळवायला छड्या मारल्या म्हणे. छड्या संपल्या, मास्तर रिटायर झाले, हात काही वळला नाही. मागे न बघताच त्यांनी विचारलं, “कोट निघाला का? म्हणजे हयातीच्या दाखल्याचं बघायला हवं.”

दर नोव्हेंबरात पेन्शनर माणसाला ‘मी अजून आहे’ असं सरकारला कळवावं लागतं, त्याचा हा दाखला. मिनू म्हणाली, “नाना, आता फोनवरच होतं ते. कॅमेऱ्यात बघून फक्त डोळे मिचकावायचे.” नाना म्हणाले, “जिवंत असल्याचं सांगायला माणसानं स्वतः जावं. डोळे तर मासेही मिचकावत नाहीत.” या वाक्याचा अर्थ आम्हा दोघींनाही लागला नाही, पण वाद संपला. अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाशी वाद असाच संपतो.

मी कोट झटकला, उन्हात टाकला, आणि लोकर तापल्यावर जो वास येतो त्याच्यामागून चार वर्षांपूर्वीचा तो हिवाळा सगळाच्या सगळा परत आला.

त्याआधी मी गुडगावात होते. नोकरी काचेच्या बिल्डिंगमध्ये, घर दुसऱ्या काचेच्या बिल्डिंगमध्ये, आणि मधे काळ्या काचांची गाडी. माझ्या कपड्यांच्या कपाटाला स्वतंत्र पिनकोड मिळावा असा अर्ज करायचा माझा विचार होता. कोटच चौदा. वाइनच्या रंगाचा, मोरपिशी, उंटाच्या रंगाचा, एक असा पांढरा की तो घालून मी बसत नसे. दिल्लीतल्या आमच्या मराठी मंडळात माझी ख्याती एकच: वृंदा एकच कोट दोनदा घालत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बायका तिळगूळ घ्यायला यायच्या हे वरवरचं कारण. खरं तर यंदा वृंदा काय घालून येते ते बघायला यायच्या. हे मी अतिशयोक्तीनं सांगते आहे असं कुणाला वाटेल. थोडी आहे. थोडीच.

मग एका शुक्रवारी कंपनीनं आमचा अख्खा विभाग बंद केला. एरवी निरोपाला केक असायचा. त्या दिवशी तोही नव्हता. सुधीरची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सरकारी नोकरी होती म्हणून भाताला वरण होतं. पण मिनूचं कॉलेज नुकतं सुरू झालेलं, गुडगावचं भाडं तर त्या काचांसारखं चकचकीत. महिन्याभरात गाडी गेली, घर सुटलं, आणि आम्ही तिघं नानांच्या फ्लॅटमध्ये, त्या पेटीच्या शेजारी राहायला आलो. जवळच्या एका लहानशा शाळेत मी इंग्रजी शिकवायला लागले.

मंडळातल्या बायकांना मी फोनवर सांगितलं, “अगं, नानांचं वय झालं ना आता. त्यांच्याजवळ राहायला हवं.” नोकरीचा उल्लेख एका शब्दानं केला नाही. माझं फोनवर बोलणं नाना ऐकत होते. रोज सकाळी चार किलोमीटर चालणारा, स्वतःचा चहा स्वतः करणारा माणूस. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, “माझं वय झालं, हे मला तरी कळवायचंस.”

नोकरी जाण्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती, आणि ती सांगताना आजही मला जरा ओशाळायला होतं. संक्रांतीला मंडळात मी काय घालून जाणार? आणि माझ्याकडे बघून त्यांना कळलं तर? अठरा वर्षं मी त्यांच्यात ‘वृंदा’ होते ती त्या कपाटाच्या जिवावर. कपाट काढून घेतलं तर आत कुणी उरतं का, हे मलाच ठाऊक नव्हतं.

तुम्ही म्हणाल, चौदा कोट होते की. होते. पण डिसेंबरात एक शोध लागला: अठरा वर्षं दिल्लीत राहून मला दिल्लीची थंडी कधी भेटलीच नव्हती. गरम घरातून गरम गाडीत, गरम गाडीतून गरम ऑफिसात. माझ्या कोटांनी थंडी फक्त लिफ्टपर्यंत पाहिलेली. आता सकाळी सातला मी ई-रिक्षात बसायची, चारही बाजूंनी उघड्या. धुकं असं की मी माझाच हात समोर धरून, ओळखीच्या बाईला करतात तसा हलवून पाहिला. त्यानंही ओळख दिली नाही. रिक्षावाला रस्ता वासावरून ओळखायचा. परोठ्यांचा वास आला की डावीकडे, नाल्याचा आला की सरळ. माझा वाइनच्या रंगाचा कोट त्या वाऱ्यात असा फडफडायचा की जणू त्यालाच गुडगावला परत जायचं होतं. खिशात हात घालावेत, तर खिसे नुसते दाखवायचे, शिवून बंद केलेले. चौदा कोटांच्या सगळ्या खिशांत मिळून एक रुमाल मावत नव्हता.

मग मी एकावर एक चढवायला सुरुवात केली. सुधीरचा इनर, दोन स्वेटर, त्यावर साडी, वर शाल. तिसरीतल्या एका मुलीनं मला फार काळजीनं विचारलं, “मैम, आप कल पतली थीं ना?”

त्या संध्याकाळी मी नाक पुसत आले, तेव्हा नानांनी पेटीतून हा कोट काढून माझ्यासमोर ठेवला. पन्नास वर्षांपूर्वी खात्यात बढती मिळाली तेव्हा शिवलेला. बाहेरून पार विटलेला. कॉलर चकाकत होती, बाह्यांच्या कडा भुरकट झालेल्या, आणि डाव्या छातीवरच्या खिशाभोवती शाईचे जुने डाग.

मी म्हणाले, “नाना, हा घालून गेले तर मुलं मला चौकीदार समजतील.”

“असाच नाही घालायचा,” नाना म्हणाले. “उलटवून घे.”

मला वाटलं, आतली बाजू बाहेर करून घाल म्हणतात. वय झाल्याची थाप मी मारली होती ती खरी झाली की काय, असं क्षणभर वाटून गेलं. पण नानांनी शांतपणे समजावलं. त्यांच्या उमेदवारीच्या काळात ऑफिसातला निम्मा स्टाफ उलटवलेल्या कोटात असायचा. कोट बाहेरून विटला की शिंपी सगळी शिवण उसवायचा, प्रत्येक तुकडा पालथा करायचा, आणि पुन्हा शिवायचा. आतली बाजू, जिनं कधी ऊन पाहिलेलं नसतं, ती बाहेर. “कोटाला दोन जन्म असतात,” नाना म्हणाले. “हल्ली तुम्ही पहिल्यातच फेकून देता.”

दुसऱ्या रविवारी आम्ही मेट्रोनं करोल बागेत गेलो. नानांच्या शिंप्याचा मुलगा, ज्याला सगळे मास्टरजी म्हणतात, आता स्वतः साठीचा, चार हात रुंदीच्या दुकानात जीन्स आखूड करून देत बसलेला. त्यानं कोट मांडीवर घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि आतल्या शिवणीचा एक टाका उसवला. कापडाची आतली बाजू बोटानं वर केली. मी वाकून पाहिलं, आणि खरं सांगते, तो निळा रंग इतका ताजा होता की पन्नास वर्षं तो तिथं श्वास रोखून बसला होता असं वाटलं. शेजारच्या दागिन्यांच्या दुकानातलं गिऱ्हाईक बाहेर येऊन विचारून गेलं की आत काय चमकलं. बरं, गिऱ्हाईक नव्हतं, पण यायला हवं होतं.

मास्टरजी म्हणाले, “कपड़ा सच्चा है, बाऊजी. पलट जाएगा. पर देख लो, काज-बटन की साइड बदल जाएगी। अपने आप लेडीज़ हो जाएगा।”

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी दोन्ही हातांनी दाखवलं. कोट पालथा झाला की डावा भाग उजवीकडे येतो. पुरुषांच्या कोटाची काजं डावीकडे, बायकांच्या कोटाची उजवीकडे. म्हणजे पुरुषाचा कोट उलटवला की तो आपोआप बाईचा होतो. एवढी सोय मला आजवर कुठल्याच ब्रँडनं दिली नव्हती.

“बस एक बात है,” मास्टरजी म्हणाले. “ऊपर की जेब भी सीधे हाथ चली जाएगी। जानने वाला जान लेगा।”

छातीवरचा खिसा उजवीकडे जाणार, आणि जाणणारा ओळखेल. माझ्या डोळ्यांसमोर अख्खं मंडळ उभं राहिलं. पण नानांना हो म्हणून झालं होतं आणि माझं नाक वाहत होतं. अस्तर पार विरलेलं होतं, तेव्हा मी पिशवीतून माझा वाइनच्या रंगाचा कोट काढला, ज्याला गुडगावला परत जायचं होतं तो, आणि म्हटलं, याचं रेशमी अस्तर काढा आणि आत लावा. नानांनी माझ्याकडे पाहिलं. खिशातून शेंगदाणे काढून मला दिले. नानांकडून एवढं म्हणजे शाल-श्रीफळ.

आठ दिवसांनी कोट आला. मास्टरजींनी खांदे आत घेतले होते, कंबर किंचित आवळली होती. तो घालून मी ई-रिक्षात बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा थंडीकडे नजर वर करून पाहिलं. किती काय होतं तिथं. कोपऱ्यावर निखाऱ्यांत शकरकंद, म्हणजे आपली रताळी, भाजत बसलेली बाई, तिच्या हातगाडीवरचं लिंबू आणि मसाल्याचा डबा. टपरीवर चहाचा पेला दोन्ही तळव्यांत धरून उभी असलेली माणसं, चहा पिण्याची कुणालाच घाई नाही. दुपारी शाळेच्या गच्चीवर उन्हाचा एक चौकोन, आणि तो सरकेल तशा खुर्च्या सरकवत जाणाऱ्या आम्ही सात शिक्षिका. आणि या कोटाला खिसे होते. पुरुषांचे, खरे, कोपरापर्यंत हात जाईल असे. एकात मी गरम शकरकंद ठेवायची, दुसऱ्यात खडू. काळ्या काचेतून यातलं काहीही दिसत नाही. दिसायचा तो आपला चेहरा, तोही सावळा करून.

हळूहळू बाकीचं माझं माझंच जमत गेलं. उंच टाचा माळ्यावर गेल्या. साडीखाली कापडी बूट आले, आणि बुटांच्या लेस मी साडीच्या काठाच्या रंगाच्या लावू लागले. आईचं मोत्याचं एकच ब्रोच रोज नव्या जागी. कपाट दोन फळ्यांवर आलं आणि सकाळी काय घालू हा प्रश्न अर्ध्या मिनिटात सुटू लागला. चौदा कोटांच्या काळात त्याला तीन-चार दिवस लागायचे.

पण संक्रांत समोर उभीच होती.

हळदीकुंकू कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका हॉलमध्ये होतं. मी काळी चंद्रकळा नेसले, वर कोट चढवला, आणि त्या उजव्या खिशावर ब्रोच लावून तो झाकायचा प्रयत्न केला. झालं उलटंच, सगळ्यांचं लक्ष तिथंच जाऊ लागलं. प्रधानबाई, ज्या दरवर्षी माझ्या मागच्या वर्षीच्या रंगाचा कोट शिवून यायच्या, पुढे आल्या आणि डोळे बारीक करून म्हणाल्या, “वृंदा, खिसा या बाजूला कसा गं?”

माझ्या तोंडून निघून गेलं, “इटलीत यंदा उजवीकडेच चाललाय.”

बायका खिशाभोवती जमल्या. प्रधानबाईंनी फोनमध्ये फोटो घेतला. त्यांचा नवा कोट शिंप्याकडेच होता, म्हणे आजच्या आज खिसा हलवायला सांगते. दोघींनी तर आपल्या कोटाचे खिसे उजवीकडे कसे नेता येतील याची तिथंच चर्चा मांडली. माझी थाप अशी वाऱ्यावर निघाली की संध्याकाळपर्यंत इटलीलाही कळलं असतं.

आणि तेवढ्यात नाडकर्णीकाकू आल्या. ऐंशीच्या, काठी टेकत. मंडळातली प्रत्येक बातमी त्यांच्याकडून सुटते. त्यांनी कुजबुजलेलं नोएडात ऐकू जातं. त्यांनी माझी कॉलर दोन बोटांत धरली, अंगठ्यानं जुन्या शिवणीची रेघ चाचपली, आणि माझ्या डोळ्यांत पाहिलं. माझ्या घशात तिळाचा लाडू तिथल्या तिथं थांबला. चौकीदार, ई-रिक्षा, बंद पडलेला विभाग, सगळं त्या एका रेघेत लिहिलेलं होतं, आणि बाईंना वाचता येत होतं.

“बायांनो, बघा गं,” काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. “हिचा कोट उलटवलेला आहे.”

हॉलमध्ये शांतता. हळदीकुंकवात शांतता म्हणजे काय ते ज्यांनी पाहिलंय त्यांनाच कळेल.

“आमच्या लग्नात ह्यांच्या अंगावर असाच होता,” काकू पुढे म्हणाल्या. “तेव्हा सरकारी कॉलनीत ज्याचा कोट उलटवलेला, त्याच्याकडे कपडा अस्सल होता म्हणायचे. हलका कपडा उलटवता येत नाही. आतून तो बाहेरच्याहून वाईट निघतो.” आणि मग माझ्याकडे वळून, हळूच, “कुणाचा गं?”

“नानांचा,” मी म्हणाले. आणि मग बोलतच सुटले, कारण एकदा लाडू खाली उतरला की मला थांबवणं अवघड. नोकरी गेली, गुडगाव सुटलं, नानांना काहीही झालेलं नाही, ते माझ्यापेक्षा जास्त चालतात. मी तिसरीला शिकवते. सकाळी सातला ई-रिक्षात असते. हा कोट पन्नास वर्षांचा आहे आणि आतलं अस्तर माझं आहे. असं म्हणून मी पुढचा भाग उघडून ते वाइनच्या रंगाचं रेशीम दाखवलं.

प्रधानबाईंनी फोनमधला खिशाचा फोटो पुन्हा काढून पाहिला. मग म्हणाल्या, “मग ते इटली?”

“करोल बागेत आहे. मेट्रो थेट जाते.”

पहिल्यांदा काकू हसल्या, मग सगळा हॉल. पुढच्या पंधरा दिवसांत मास्टरजींकडे कुणाच्या सासऱ्याचा, कुणाच्या वडिलांचा असे पाच कोट गेले. मी पन्नास सांगते एरवी, पण आज खरं सांगायचं ठरवलंय. प्रधानबाईंनीही नेला होता, यजमानांचा. मास्टरजींनी एक टाका उसवला आणि मान हलवून परत दिला. तेव्हापासून प्रधानबाई नवऱ्याशी जरा सबुरीनं बोलतात, असं ऐकते.

त्या हिवाळ्याची आठवण आली की हे सगळं ओळीनं येत नाही. शकरकंदाचा धूर आधी येतो, मग काकूंची दोन बोटं, मग उसवलेल्या टाक्याखालचा तो निळा. चार वर्षांत बरंच सावरलं. मिनू नोएडात नोकरीला लागली, मीही शाळेत आता सीनियर आहे. परवडेल असा नवा कोट घेऊ म्हणून मिनू दर हिवाळ्याला मला दुकानात नेते. मी पाच-सहा घालून बघते, खिशांत हात घालून बघते, आणि बाहेर येते. माझ्यावर उपकार केले त्यांची नावं घ्यायची तर पहिलं त्या थंडीचं घ्यावं लागेल. ती भेटली नसती तर मी अजून काचेच्या आत असते.

काल आम्ही बँकेत गेलो. निघताना नाना दारात थांबले आणि म्हणाले, “आज जरा तुझा कोट दे. गारवा आहे.”

तुझा. पन्नास वर्षांपूर्वी ज्यांनी तो शिवला, ते असं म्हणाले.

मी म्हटलं, नाना, तो लेडीज झालाय. खांदे आत घेतलेत, बटणं उलटी आहेत. ते म्हणाले, “मी कुठे तेवढा उरलोय आता.” खरंच होतं. अंगात बरोबर बसला. सवयीनं त्यांचे हात जुन्या बाजूनं बटणं लावायला गेले, एकदा चुकले. मी पुढे झाले. पण माझ्या आधी त्यांच्या डाव्या हातानं बटण पकडलं आणि ते सरळ काजात गेलं. दुसरं. तिसरं. नाना थांबले, खाली बघितलं, आणि चौथंही लावलं, मला वाटतं नुसती खात्री करून घ्यायला.

बँकेत काउंटरवरच्या मुलीनं फॉर्म पुढे केला आणि म्हणाली, अंकल, यहाँ साइन। नानांचा डावा हात वर गेला आणि उजव्या छातीवरच्या खिशात अलगद उतरला. पेन निघालं. पूर्वी डाव्या छातीवरच्या खिशातून डाव्याच हातानं पेन काढायचं म्हणजे मनगट मुरगाळून, कोपर वर करून; खिशाभोवतीचे ते शाईचे डाग कसले होते ते मला काल, त्या काउंटरपाशी कळलं. नानांनी आपण हयात असल्याची सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि ते त्याच खिशात, न बघता परत ठेवलं.

बाहेर पायऱ्यांवर ऊन होतं. नाना तिथं जरा उभे राहिले. खिशावर तळवा ठेवला.

“सूनबाई,” म्हणाले, “हा पन्नास वर्षांपूर्वीच उलटवायला हवा होता.”